जुळल्या नाहीत त्या एकतीस

खडकी,
शनिवार, ११ जानेवारी २०२५

चि. नमू,

काकाचे आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहायला शाई कशाला घालवायची?

बातमी अशी की रुपालीला मुलगी झाली. मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, इथल्याच बाजारामागच्या प्रसूतिगृहात. वजन दोन किलो नऊशे. रुपाली बरी आहे. तुझी काकू आजी झाल्यापासून जमिनीवर चालत नाही. तुला फोनवर हे कळलंच असेल, पण मी स्वतः सांगितल्याशिवाय मला सांगितल्यासारखं वाटत नाही. कान जाऊन तीन वर्षं झाली. ते यंत्र लावलं की सगळी खडकी एकदम बोलायला लागते आणि समोरचा माणूस तेवढा ऐकू येत नाही. म्हणून हा कागद. तू वाशीमहून कॉलेजसाठी आमच्याकडे आलीस तेव्हा दर रविवारी तुला तुझ्या बापाला पत्र लिहायला बसवायचो आणि तू तोंड वाकडं करायचीस. आता भोग.

जावई येरवड्याचे, म्हणजे पूल ओलांडला की सासर. पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं म्हणून काकूने रुपालीला सातव्या महिन्यातच आणून बसवली. तेजसराव कंपनी सुटल्यावर रोज येतात, लेकीकडे बघतात आणि काकू आग्रह करायच्या आत निघून जातात. शहाणे आहेत.

काल घरी सोडायच्या आधी बाळाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब काढून जाड कागदावर टिपले. कोथरूडच्या लॅबला जातं म्हणाले. आमची पुतणी त्याच लॅबमध्ये कॉम्प्युटरवर असते, असं मी नर्सला सांगितलं. नर्सवर काही परिणाम झाला नाही. नाव-नंबर सगळं काकूने सांगितलं. मी शोभेला उभा होतो. तो कागद न्यायला तुमचा मच्छिंद्र आला होता. त्याची इकडे रोजच फेरी असते म्हणे. पुढची पत्रं त्याच्याच हाती देत जाईन. टपालापेक्षा लवकर पोचतील, आणि मुख्य म्हणजे पोचतील.

बाळ फार गुणी आहे, रडतच नाही. मी बहिरा म्हणून मला तसं वाटतं असं समजू नकोस, काकूच म्हणते.

बारसं पुढच्या शनिवारी. यायचं. कोथरूडहून खडकीला यायला व्हिसा लागत नाही.

तुझा काका,
नागोराव

*

कोथरूड,
बुधवार, १५ जानेवारी

काका,

तुम्हाला आणि काकूंना वाकून नमस्कार. मच्छिंद्रदादांकडे तिळगूळ दिलाय. त्यांनी वाटेत डबा उघडला नसेल तर पूर्ण पोचेल.

मुलगी झाली! रुपालीचा पहिल्या दिवशी फोटो आला होता, त्यानंतर तिचा फोन बंद. काकूंनी कपाटात ठेवला ना? बाळंतिणीने फोन बघितला की डोळे जातात, हे मला माहीत आहे.

मी बारशाला येऊ शकत नाही. रागावू नका, कारण ऐका. तुम्ही नेहमी विचारता की मी कॉम्प्युटरवर नक्की काय करते, तर आज सांगतेच. आमच्याकडे शहरातल्या चाळीसेक प्रसूतिगृहांतून बाळांचं रक्त येतं. काही बाळांची गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जन्मापासूनच काम करत नाही. बाहेरून पाहून कुणाला पत्ता लागत नाही. दोनेक आठवड्यांत गोळी सुरू झाली तर काहीही होत नाही, पोर शाळेत जातं, मारामाऱ्या करतं. उशीर झाला तर मात्र बुद्धीची वाढ खुंटते आणि ती पुढे कितीही गोळ्या दिल्या तरी भरून येत नाही. म्हणून रक्तात दोष दिसला की घरच्यांना त्याच दिवशी बोलवायचं असतं.

आतापर्यंत हे काम द्वारकाताई करायच्या. त्यांच्यासमोर दोन याद्या. एक प्रसूतिगृहांनी पाठवलेली जन्मांची, दुसरी आमच्या रक्ताच्या निकालांची. दोन्ही मांडीवर घेऊन, चष्मा नाकावर आणून, बोटाने ओळ ओळ जुळवायच्या. आता ते काम मी बांधलेला डॅशबोर्ड करतो. दोन्ही तक्ते सॉफ्टवेअरला द्यायचे, कशावरून जुळवायचे ते सांगायचं (मी आईचं नाव आणि मोबाईल नंबर घेतला), की दोन मिनिटांत दोन्हींचा एक तक्ता होतो. ठीक असलेली बाळं हिरवी, बोलवायची ती लाल. वर बटणं आहेत, प्रत्येक भागाचं एक. एक तारखेपासून सुरू झालंय आणि येत्या शनिवारी विश्वस्तांना दाखवायचंय. आमोद सर, म्हणजे माझे वरिष्ठ, चार दिवस झाले हसतायत. ते हसलेले आम्ही कुणी पाहिले नव्हते.

आणि ऐका, काल तुमच्या नातीसाठी मुद्दाम खडकीचं बटण दाबलं. लाल यादी रिकामी! खडकीतलं एकही बाळ नाही. तेव्हा निर्धास्त राहा, आणि काकूंना सांगा की तुमच्या नातीची तब्येत मी स्वतः तपासली.

बाळाला माझ्याकडून एक पापी. हळू.

नमू

*

खडकी,
रविवार, १९ जानेवारी

नमू,

तिळगूळ पोचला. मच्छिंद्राने डबा उघडला नव्हता, असं तोच दोनदा म्हणाला.

काल बारसं झालं. नाव ऋतुजा. तेजसरावांच्या बहिणीने कानात 'कुर्र' केलं, मग सोनाराने कान टोचले. इतक्या बाळांचे कान टोचलेले पाहिलेत मी, सगळी गल्ली डोक्यावर घेतात. रुपालीच्या वेळी सोनाराच्या हातातली तार खाली पडली होती. आमची ऋतुजा? एकदा तोंड वाकडं केलं, अर्धा आवाज काढला म्हणे, आणि परत झोपली. सोनार म्हणाला, असं पोर वीस वर्षांत पाहिलं नाही. काकूने लगेच दृष्ट काढली.

शेजारच्या गोदाबाईंना मात्र कुणाचं चांगलं बघवत नाही. त्या म्हणाल्या, पोर अजून पिवळं दिसतंय, बारा दिवस झाले, कावीळ उतरायला हवी होती, डॉक्टरांकडे न्या. रुपालीचा चेहरा पडला. काकूही जरा चुळबुळली. मी तुझं पत्र आणून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. आमच्या नमूने कॉम्प्युटरवर स्वतः बघितलंय, म्हटलं. गोदाबाई गप्प. अख्ख्या खडकीला जमलं नाही ते तुझ्या पत्राने केलं. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ म्हणत होतो तेही मग रद्द केलं. एवढ्या लहान जिवाला थंडीत कशाला बाहेर काढायचं?

तुझं काम मला बरंचसं समजलं. एकच गोष्ट अडली. दोन याद्या जुळवायच्या, ठीक. जुळल्या त्या ओळी नव्या तक्त्यात गेल्या, ठीक. ज्या जुळल्या नाहीत त्या कुठे जातात? हे तू लिहिलं नाहीस. बाकी काही नाही, म्हाताऱ्याला झोप येत नाही तेव्हा असले प्रश्न पडतात.

काका

*

कोथरूड,
सोमवार, २० जानेवारी

काका,

कार्यक्रम झकास झाला! विश्वस्त लाल-हिरव्या पडद्याकडे बघून माना डोलवत होते. एकांनी विचारलं, यात चूक होऊ शकते का? आमोद सर म्हणाले, माणूस चुकतो, हे चुकत नाही. टाळ्या. द्वारकाताई मागच्या खुर्चीत बसून पडद्याकडे नुसत्या बघत होत्या. त्यांना आता सामान-नोंदणीच्या टेबलावर पाठवलंय. जाताना मला म्हणाल्या, "तुझ्या यादीत पहिलटकरणी फार कमी दिसतात गं." मला काही कळलं नाही. बऱ्याच वर्षांचं काम सुटलं की माणूस काहीतरी बोलतं.

तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तर सोपं आहे. तक्ते जोडताना सॉफ्टवेअर विचारतं की फक्त जुळलेल्या ओळी ठेवू, की एका तक्त्याच्या सगळ्या ओळी ठेवून जिथे जोडीदार नाही तिथे रिकाम्या चौकटी सोडू? मी फक्त जुळलेल्या ठेवल्या. रिकाम्या चौकटी पडद्यावर वाईट दिसतात, आमोद सरांना तोंडातले दात पडल्यासारखं वाटतं. बाकीच्या गळतात. या महिन्यात अशा एकतीस आहेत. बहुतेक एकच नाव दोनदा लिहिलेलं, नाहीतर कुणीतरी चुकीचा नंबर टाकलेला. कचरा म्हणा.

गोदाबाईंना माझा नमस्कार सांगा, थोडा खोचक.

नमू

*

खडकी,
मंगळवार, २१ जानेवारी

नमू,

तुझं पत्र मच्छिंद्राने सकाळी दिलं. दुपारपर्यंत तीनदा वाचलं. मच्छिंद्र परत जाताना हे घेऊन जाईल, म्हणून घाईत लिहितो. तुला शिकवण्याची माझी लायकी नाही, पण माझी नोकरी तुला ठाऊक आहे. बत्तीस वर्षं कारखान्याच्या गेटवर बिल्ले सांभाळले.

फळ्यावर खिळे, प्रत्येक खिळ्याला नंबर. माणूस आत जाताना आपला पितळी बिल्ला काढून घेऊन जाणार, बाहेर येताना परत टांगणार. पाळी सुटली की मी फळा बघायचो. एकदा नवीन साहेब आला. तो म्हणाला, नागोराव, अर्धा तास काय बघत उभे राहता, परत आलेल्या बिल्ल्यांची यादी करा आणि सही करून द्या. मी तशी यादी केली. चारशे अकरा नावं, सुवाच्य अक्षरात, एक खाडाखोड नाही. साहेब खूष. मी सायकल काढली, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, परत येऊन फळ्याकडे पाहिलं. तीनशे सात नंबरचा खिळा रिकामा. तो माणूस न्हाणीघरात चक्कर येऊन पडला होता. माझ्या यादीत त्याचं नाव नव्हतं, आणि नव्हतं म्हणूनच यादी इतकी स्वच्छ होती.

त्यानंतर मी टांगलेले बिल्ले कधी पाहिले नाहीत. रिकामे खिळेच पाहिले.

तुझे एकतीस कचरा असतील तर उत्तमच. पण एकेकाकडे बघून कचरा म्हण. आणि ती द्वारकाताई बाई पहिलटकरणींबद्दल काय म्हणत होती, तेही तिला विचार. जुन्या माणसाला सामानाच्या टेबलावर बसवलं म्हणजे त्याचे डोळे जात नाहीत.

ऋतुजा मजेत. दूध पिता पिता झोपते, उठवून पाजावं लागतं. हातपाय सारखे गार असतात म्हणून काकूने दोन-दोन मोजे घातलेत. जिभेचं टोक बाहेर काढून झोपते, फार गोड दिसते. शी चार दिवसांतून एकदा. त्रास म्हणून नाही.

काका

*

कोथरूड, लॅब
बुधवार, २२ जानेवारी, सकाळी १०.४०

काका,

मच्छिंद्रदादा हे पत्र देतील आणि दारात थांबतील. त्यांनी खाली रिक्षा उभी केलेली असेल. ऋतुजाला घेऊन, रुपालीला घेऊन, आहात तसे निघा. कुठल्या दवाखान्यात जायचं ते दादांना माहीत आहे. लहान मुलांच्या डॉक्टर मॅडमशी मी बोलले आहे, त्या वाट बघतायत. बाळाच्या हातातून रक्त घेतील आणि लगेच गोळी सुरू करतील. फाईल शोधत बसू नका. काकूंनी काही विचारलं तर वाटेत सांगा.

ऋतुजा त्या एकतीसात होती.

तिचं रक्त आठ दिवसांपूर्वी तपासून झालंय. आकडा फार वाढलेला आहे. लाल यादीत ती नव्हती, कारण ती कुठल्याच यादीत नव्हती.

रुपालीचा फोन बंद आहे. तेजसरावांचा कंपनीच्या गेटवर जमा असतो. कार्डावर तुमचा नंबर लिहिलाय, तो मी अकरा वेळा लावला. तो तुमच्या टेबलाच्या खणात वाजतोय, मला माहीत आहे.

मी येत नाहीये. अजून दोन बाळं अशीच आहेत आणि त्यांच्या घरचे सापडत नाहीयेत. तुमच्याकडे पाठवायला मच्छिंद्रदादा आहेत, त्यांच्याकडे पाठवायला कुणी नाही.

निघा काका. आज ती पंधरा दिवसांची झाली.

नमू

*

खडकी,
गुरुवार, २३ जानेवारी

नम्रता,

रक्त दिलं. गोळी काल दुपारी दोन वाजता सुरू झाली. पाव गोळी, आईच्या दुधात कुस्करून, चमच्याने. रोज सकाळी, रक्ताचे पुढचे निकाल येतील तशी कमी-जास्त.

डॉक्टर बाईंनी माझ्यासाठी कागदावर लिहून दिलं. वेळेत आलात असं मला वाटतं, पण खात्री आज देता येणार नाही, पोर जशी वाढेल तसं कळेल. कावीळ न उतरणं, झोप, गार हात, बाहेर आलेली जीभ, शी न होणं, सगळी त्याचीच लक्षणं. आम्ही ज्याचं कौतुक करत होतो ते सगळं. न रडणंसुद्धा.

बारशाच्या दिवशी मी तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं होतं. गोदाबाईंना गप्प केलं होतं.

काकू बोलत नाही. तुझं नाव निघालं की उठून आत जाते.

नागोराव

*

कोथरूड,
शुक्रवार, २४ जानेवारी

काका,

तुम्ही 'नम्रता' लिहिलंत. बरोबरच आहे.

काय झालं ते मी सरळ लिहिते. बिल्ल्यांचं तुमचं पत्र बुधवारी सकाळी टेबलावर वाचलं. थोडा रागच आला, खरं सांगते. तुम्हाला दाखवून द्यायचं म्हणून त्या एकतीस ओळी बाहेर काढल्या. नावं वाचत गेले. नवव्या ओळीवर 'रुपाली नागोराव इंगोले' आणि खाली तुमचा नंबर. समोर निकाल. मी खुर्चीतून उठले आणि कुठे जायचं तेच कळेना.

प्रसूतिगृहात रुपालीचं नाव तेजसरावांनी लिहून दिलंय, रुपाली तेजस घोडेकर, नंबर त्यांचा. टाचेतलं रक्त घेताना तिथे काकू होत्या, त्यांनी माहेरचं नाव सांगितलं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या बायका. एकीला बाळ आहे पण निकाल नाही, दुसरीचा निकाल आहे पण बाळ नाही. दोघींना मिळून मी गाळून टाकलं.

मी द्वारकाताईंच्या टेबलाशी पळत गेले. त्यांनी यादी हातात घेतली, चष्मा खाली केला आणि दहा मिनिटांत एकतीसपैकी चोवीस ओळखल्या. सगळ्या पहिलटकरणी, माहेरी आलेल्या. रक्त घेताना उशाशी मुलीची आईच असते ना काका, आणि आई आपल्याच घरचं नाव सांगते. त्या म्हणाल्या, "मी पहिला फोन माहेरीच करायचे. नवऱ्याला नंतर." हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

उरलेल्या दोन बाळांपैकी एक हडपसरला सापडलं, नऊ दिवसांचं. दुसऱ्याची आई त्याला घेऊन जुन्नरकडे गेली होती. द्वारकाताईंनी तिथल्या आशा सेविकेला गाठलं आणि काल संध्याकाळी ते बाळही दवाखान्यात पोचलं. दोन्ही ठीक होतील म्हणतात. मी ऐकलं आणि मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

आमोद सर म्हणाले, दुरुस्त करून टाक, बोभाटा नको. मी दुरुस्त केलं, आणि अहवालही लिहिला. त्यात जोड मी निवडली, न जुळलेल्या ओळी मी पाहिल्या नाहीत, असं माझ्या नावानिशी लिहिलंय. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

पण अहवालात एक गोष्ट लिहिता येत नव्हती, ती तुम्हाला लिहिते. डॅशबोर्डने तुम्हाला फसवलं नाही काका. त्याने फक्त सांगितलं होतं की लाल यादीत कुणी नाही. 'निर्धास्त राहा' हे मी लिहिलं. ती हिरव्या यादीत आहे का, एवढं बघायला एक बटण दाबायचं होतं. मी दाबलं नाही, कारण मला शनिवारची घाई होती आणि तुम्हाला मोठेपणा दाखवायचा होता. मी लिहिलं नसतं तर गोदाबाईंचं ऐकून तुम्ही सोमवारी डॉक्टरांकडे गेला असतात. दोन दिवस. ते दोन दिवस माझ्यामुळे गेले.

तिचं कसं चाललंय, एक ओळ तरी लिहा.

नम्रता

*

कोथरूड,
रविवार, २ फेब्रुवारी

काका,

नऊ दिवस झाले. मच्छिंद्रदादांना रोज विचारते. ते म्हणतात, काका ओट्यावर दिसले, हात केला, पत्र दिलं नाही. तेजसरावांचा मेसेज आला, 'गोळी चालू आहे ताई'. त्यावरून काय समजायचं? मी तो मेसेज किती वेळा वाचला ते सांगू नकोस म्हणाल. तो तेवढाच राहतो.

मागच्या रविवारी मी आले होते. गल्लीच्या तोंडापर्यंत. काकू ओट्यावर दुपटी वाळत घालत होत्या. मी पिठाच्या गिरणीपाशी उभी राहिले आणि मला पुढे पाऊल टाकता येईना. काकू माझं नाव ऐकून उठून जातात, तर मला बघून काय करतील? परत फिरले.

आता रोज सकाळी नऊ वाजता मी आणि द्वारकाताई पडद्यासमोर बसतो. सगळ्या ओळी ठेवल्या आहेत. न जुळलेल्या सगळ्यात वर, रिकाम्या चौकटींसकट. दिसायला वाईट दिसतं. काल सात होत्या. सातही घरी फोन होईपर्यंत आम्ही उठत नाही. अहवालावर बैठक झाली. माझी नोकरी राहिली आहे, पण कायम व्हायचं सहा महिने लांबलं. द्वारकाताई परत आमच्या खोलीत आल्या, हे त्यातलं चांगलं.

दुपारी जेवताना मी पुस्तकं वाचते, उशिरा गोळी सुरू झालेल्या मुलांबद्दल. वाचू नये हे कळतं. पंधरा दिवस म्हणजे उशीर की नाही? एका ठिकाणी चौदा लिहिलंय. काका, एका दिवसाने काय होतं?

मला रागावून लिहा, शिव्या लिहा. काही न लिहिण्यापेक्षा ते बरं.

नमू

*

खडकी,
मंगळवार, ११ फेब्रुवारी

नमू,

तुला शिव्या लिहायच्या म्हणून दोनदा बसलो होतो. पहिल्या ओळीत चांगल्या जमल्या. दुसऱ्या ओळीत तो साहेब आठवला आणि माझी चारशे अकरा नावांची स्वच्छ यादी आठवली. ती मी स्वतःच्या हाताने लिहिली होती. साहेबाने फक्त सांगितलं होतं. सायकलवरून पुढे निघून गेलो असतो तर? कागद फाडला. आणि घाबरलो होतो गं. पोरीला काही झालं तर तुला काय लिहायचं, हे कळत नव्हतं. म्हणून लिहिलं नाही. तुझ्यावर रागावलोय असं दाखवणं त्यापेक्षा सोपं होतं.

काकूचं तू उलट समजलीस. मीही उलट समजलो होतो. परवा तिने मला पाटी-पेन्सिल आणायला लावली. ओरडून सांगायचं नव्हतं तिला. पाटीवर लिहिलं, "नाव मी चुकीचं सांगितलं." लग्नाला तीन वर्षं झाली, पण कुणी रुपालीचं पूर्ण नाव विचारलं की तिच्या तोंडातून माझंच नाव निघतं, आणि नंबर तिला एकच पाठ आहे. तीन आठवडे ती हेच गिळून बसली होती. तुझं नाव निघालं की आत जात होती ती तुला तोंड कसं दाखवायचं म्हणून. मी तिला तुझं चोवीस पहिलटकरणींचं पत्र वाचायला दिलं. चोवीस आया हेच बोलल्या, म्हटलं, तू काही जगावेगळी नाहीस. तेव्हा रडली आणि नंतर पिठलं टाकलं.

पिठाच्या गिरणीपाशी तू उभी होतीस हे आम्हाला त्याच दिवशी कळलं. गोदाबाईंनी पाहिलं होतं. त्यांना सगळं दिसतं, हे आता मी मान्य केलंय आणि त्यांना जाऊन तसं सांगूनही आलो. त्या म्हणे म्हणाल्या, उशिरा का होईना. या रविवारी ये. गिरणीपाशी थांबायचं नाही. माझा फोन आता खणात नसतो, रुपालीच्या उशाशी असतो, आणि तिचा कपाटातून बाहेर आला. काकूने स्वतः काढून दिला.

एका दिवसाने काय होतं ते मला सांगता येत नाही. डॉक्टर बाईंनाही येत नाही. कालच्या रक्तात आकडा खाली आलाय, तिसऱ्या महिन्यात परत बघू, मग वर्षाने, मग तीन वर्षांनी बोलते कशी ते बघू, असं त्यांनी लिहून दिलंय. एवढी वर्षं तू आणि मी दोघांनीही धास्ती बाळगायची आहे. त्यातून सुटका नाही. पिवळेपणा गेला. हात गरम असतात. जीभ आत असते. दूध पिताना आता माझं बोट धरते आणि सोडत नाही.

आज सकाळची गोष्ट. काकू तिला माझ्या मांडीवर ठेवून आत गेली. दुधाची वेळ टळून गेली होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. बघतो तर हिचं तोंड लाल, मुठी वळलेल्या, पाय सायकल चालवतायत. तोंड एवढं उघडलं की टाळू दिसली. मला काही ऐकू येईना. मी तिच्या पोटावर हात ठेवला, आणि तिचं ओरडणं तळहाताला लागलं. काकू ओल्या हाताने धावत आली. रुपाली पदर सावरत आली. भिंतीपलीकडून गोदाबाई आल्या, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्याने असणार.

सगळ्या तिला घ्यायला हात पुढे करत होत्या. मी थोडा वेळ कुणालाच तिला उगी करू दिलं नाही.

काका